केडगावचा दाखला

संकट टळत नसेल तर देवाची कृपाच आटली असे समजावे का, हा आपला प्रश्न मला फार जवळचा वाटतो. बायबलातल्या प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, दूर व्हावी म्हणून देवाला तीनदा विनवणी केली; काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मला हेच दिसते. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर स्वकीयांचा रोषही वाट्याला आला. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्ती सदन हे त्यांचे आश्रयस्थान उभे राहिले. कृपेवर विसंबणे म्हणजे हात बांधून बसणे, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तेव्हा रमाबाईंनी साठी ओलांडली होती आणि त्यांना ऐकूही फार कमी येत असे; पण मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी ते काम पुरे केले.