गढूळपणा म्हणजे बिघाड नव्हे

ब्रूपबमधील, म्हणजे जागीच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणची, गव्हाची बिअर गढूळ दिसली म्हणून ती बिघडलेली असावी, अशी शंका काहींना येते. त्यावर थोडी पुस्ती जोडतो. हेफेवाइत्सन या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधील यीस्ट गाळून काढलेले नसते आणि गव्हातील प्रथिनेही तीत तरंगत राहतात, त्यामुळे ती धूसर दिसणे अपेक्षितच असते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो खरा, पण तीत ना केळे पडते ना लवंग. आंबवण्याच्या काळात विशिष्ट जातीचे यीस्ट जी संयुगे तयार करते, त्यांची ती करामत असते. खरा बिघाड डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, तर पिंपापासून तोटीपर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या जात नसाव्यात, असे समजण्यास जागा आहे. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील, तर दोष बहुधा ग्लासच्या धुण्यात असतो.

स्टाउट ही काळी बिअर 'कडक' असते, हाही समज सरसकट खरा नाही. तिचा रंग भाजलेल्या धान्यातून येतो, आणि अनेक स्टाउटांमध्ये मद्यार्क जेमतेम ४ ते ५ टक्के असतो.

खाण्याबाबत एवढेच सांगेन, की तळलेल्या पदार्थांसोबत लागर ही फेसाळ बिअर उत्तम जमते. मात्र झणझणीत पदार्थासोबत आयपीए (इंडिया पेल एल) ही कडवट बिअर मागवल्यास तिखट अधिकच झोंबते, हे मी एकदा डोळ्यांतून पाणी काढत अनुभवले आहे.