विषय : मराठी शाळेच्या प्रदर्शनातील लुईस-क्लार्क फलक

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

फलकावरील मजकूर पुढीलप्रमाणे केला आहे : '१४ मे १८०४ रोजी सेंट लुईसजवळून निघालेल्या लुईस आणि क्लार्क या दोन अमेरिकी कॅप्टनांच्या तुकडीने कोणालाही ठाऊक नसलेल्या पश्चिम अमेरिकेचा नकाशा तयार केला आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी ती परतली.' छपाईपूर्वी सूचना कळवाव्यात.

सचिव

—

सचिव महोदयांस सप्रेम नमस्कार,

तारखा बरोबर आहेत. माझा आक्षेप 'कोणालाही ठाऊक नसलेल्या' या शब्दांना आहे.

३ जून १८०५ रोजी ही तुकडी मिझुरी नदीवर अशा जागी होती, जिथे समोरून दोन मोठे प्रवाह येऊन मिळत होते आणि त्यांतली खरी मिझुरी कोणती, हे उमगत नव्हते. उत्तरेचा प्रवाह गढूळ, म्हणजे इतके दिवस ज्या पाण्यातून नावा ओढत आणल्या तसाच, म्हणून जवळजवळ सगळे जवान त्याच्या बाजूचे; दक्षिणेचा नितळ, तळाशी गोटे असलेला, तेव्हा तो डोंगरातून येत असणार, असा दोघा कॅप्टनांचा कयास. वाट चुकली असती, तर डोंगर ओलांडण्याचा हंगाम हातचा गेला असता.

उलगडा झाला तो मिझुरीकाठच्या हिदात्सा या मूळ रहिवासी लोकांनी आदल्या हिवाळ्यात सांगून ठेवलेल्या खुणेने : मिझुरीवर मोठा धबधबा लागेल. लुईस दक्षिणेच्या प्रवाहाच्या काठाने पुढे गेला आणि १३ जूनला त्याला आधी गडगडाट ऐकू आला, मग धुरासारखा उठणारा तुषारांचा लोट दिसला. दुसऱ्या दिवशी सर्वांत वरच्या धबधब्याखालच्या बेटावर, कॉटनवूडच्या झाडावर, गरुडाचे घरटेही दिसले. तेही हिदात्सांनी सांगितलेलेच होते. जिथले घरटेसुद्धा लोकांच्या बोलण्यात आहे, तो प्रदेश अज्ञात कसा म्हणावा?

पुढे बुंध्याच्या चकत्यांची चाके करून नावा सुमारे २९ किलोमीटर जमिनीवरून ओढाव्या लागल्या आणि निवडुंगाचे काटे पादत्राणांतून पायात घुसत राहिले. त्या माणसांचे कष्ट मुलांना जरूर सांगावेत. मात्र वाक्यात 'हिदात्सा, शोशोनी, नेझ पर्स इत्यादी मूळ रहिवासी लोकांच्या माहितीच्या आधारे' एवढे शब्द घालावेत, ही कळकळीची विनंती. कोपऱ्यात जागा असल्यास घरट्याचे चित्र मी रविवारपर्यंत काढून देते.

एक सभासद

—

सप्रेम नमस्कार,

'कोणालाही ठाऊक नसलेल्या' हे शब्द काढून आपण सुचवलेला मजकूर घेतला आहे. उजवीकडचा वरचा कोपरा चित्रासाठी मोकळा ठेवला आहे.

सचिव