मधुमेहाच्या औषधांचा महिन्याचा खर्च कमी कसा करावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून एसटीतून निवृत्त झाले आहेत. ते कराडजवळ गावी राहतात आणि त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. २०२४ च्या दिवाळीत डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आजही तशीच चालू आहे. त्यात सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिनची ५०/५०० ही एकत्रित गोळी दिवसातून दोनदा, एम्पाग्लिफ्लोझिन १० सकाळी, ग्लिमेपिराइड १ जेवणाआधी, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉलची एकेक गोळी आहे. केवळ एकत्रित गोळीचे महिन्याला साधारण १,२५० रुपये होतात आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे १,८०० होतात. साखर तपासण्याच्या पट्ट्या धरून एकूण बिल ४,२०० च्या घरात जाते. त्यांची पेन्शन किती तुटपुंजी आहे, हे एसटीतल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

गेल्या महिन्यात गावी गेलो असता सहज पाकिटे मोजली, तेव्हा कळले की पैसे वाचावेत म्हणून ते संध्याकाळची गोळी एक दिवसाआड घेत आहेत. कोणालाही न सांगता. जेनेरिक (पेटंट संपल्यावर कोणत्याही कंपनीला बनवता येणाऱ्या) औषधांचा विषय काढला, तर ‘त्याला पॉवर नसते’ असे मेडिकलवाल्याने त्यांच्या मनात पक्के बसवले आहे. औषध न सोडता खर्च कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे का? आणि डॉक्टरांना न दुखावता हे विचारावे कसे?

खलबत्ता:
मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या वडिलांच्या बिलातील सर्वांत जड दोन औषधांची पेटंट आता संपलेली आहेत. सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते जनऔषधी केंद्रांत (सरकारी योजनेतील स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानांत) आले. त्या वेळी जाहीर झालेला दर ५०/५०० च्या दहा एकत्रित गोळ्यांना ६५ रुपये होता. म्हणजे साठ गोळ्यांचे ३९० रुपये. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट ११ मार्च २०२५ रोजी संपले. त्यापूर्वी साठ रुपयांच्या आसपास असलेली ही गोळी अनेक देशी कंपन्यांनी लगेच बाजारात आणली आणि काहींनी ती दहा रुपयांच्याही खाली विकायला सुरुवात केली. आपली चिठ्ठी त्याआधीची आहे. डॉक्टरांनी चूक केली असे नाही. चिठ्ठी जुनी झाली आणि बाजार पुढे गेला, इतकेच.

‘पॉवर नसते’ या बोलण्याबद्दल. आपण ज्यांना ब्रँडेड म्हणतो, त्यांतील बहुसंख्य गोळ्या मुळात जेनेरिकच असतात. कंपनीने त्यांना स्वतःचे नाव दिलेले असते आणि प्रतिनिधी, जाहिरात, वितरक या साऱ्यांचा खर्च त्या नावात मिसळलेला असतो. जनऔषधीच्या औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांत येते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही दुकानांत ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांवर छापील किंमत भरमसाट असते आणि वर मोठी सूट दिली जाते. त्यामुळे सवलतीच्या टक्क्यांवर न जाता एका गोळीला प्रत्यक्षात किती रुपये पडले ते पाहावे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर तोच घटक असलेल्या निरनिराळ्या ब्रँडच्या किमती शेजारी शेजारी पाहता येतात.

चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर त्याऐवजी दुसरे औषध स्वतःच्या मर्जीने देण्याची मुभा औषध नियमावली आम्हाला देत नाही. (काउंटरवर सर्रास काय चालते, तो विषय निराळा.) म्हणून डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहून घेणे हाच सरळ मार्ग आहे. जाताना जुनी चिठ्ठी आणि महिन्याचे बिल दोन्ही न्यावे आणि ‘एवढा खर्च झेपत नाही, म्हणून बाबा गोळ्या चुकवतात’ हे स्पष्ट सांगावे. डॉक्टरांसमोर बिल सहसा येतच नाही. केंद्रात जाण्यापूर्वी फोन करून साठ्याची चौकशी करावी, कारण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक औषध सदैव असेलच असे नाही.

सांजवात:
दादा, आपल्या वडिलांना इन्सुलिन नाही, तरीही पुढे कधी लागले तर उपयोगी पडेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही कामी येईल, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना पेनमधून मिश्र इन्सुलिन दिले जात असे. खर्च फार होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी विचार करून त्यांना साध्या ३०/७० (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणाऱ्या) ह्यूमन इन्सुलिनच्या बाटलीवर आणले. ही १० मिलीची बाटली दोनशे रुपयांच्या आत मिळते. तिच्यात दर मिलीला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट असतात. पेनच्या ३ मिलीच्या काडतुसात ३०० युनिट असतात आणि किंमत बरीच जास्त पडते.

परंतु येथे आमच्याकडून एक चूक झाली. बाटली ४० ची (दर मिलीला ४० युनिट) होती आणि एका दुकानातून सिरिंज १०० ची (दर मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची) आली. बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज लागते आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. मी २० च्या रेघेपर्यंत औषध भरत होते आणि सासूबाईंच्या शरीरात प्रत्यक्षात आठच युनिट जात होते. चार दिवस साखर चढत राहिली, तेव्हा उलगडा झाला. याच्या उलट, १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले असते, तर त्याच रेघेवर ५० युनिट गेले असते. तो विचार आजही अंगावर काटा आणतो.

आणखी एक. उघडलेली बाटली आम्ही चार आठवड्यांनंतर वापरत नाही. ज्यांचा डोस अगदी थोडा आहे, त्यांची अर्धी बाटली फेकली जाते आणि मग बाटलीची स्वस्ताई तेवढीशी उरत नाही.

आमच्या उपजिल्हा रुग्णालयातील एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड मोफत मिळते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्यांचे शुल्कही घेतले जात नाही. रांगेत अर्धा दिवस जातो, हे मात्र मनाची तयारी करून जावे.

नाडीपरीक्षा:
मी फिजिशियन आहे. रुग्णाला तपासल्याशिवाय औषध बदलण्याचा सल्ला देणार नाही, परंतु त्यांच्या डॉक्टरांना काय विचारावे ते सांगतो.

पहिला प्रश्न ग्लिमेपिराइडचा. ते अत्यंत स्वस्त आहे, त्यामुळे ते बंद करून पैसे वाचणार नाहीत. पण अडुसष्टाव्या वर्षी जेवण लांबले किंवा एकादशीचा उपवास केला, तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. इतर दोन औषधांवर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असेल, तर हे लागते का, असे विचारावे. दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. क्रिएटिनिनची अलीकडची तपासणी हाती असावी, कारण मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या तिन्हींचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. एम्पाग्लिफ्लोझिन केवळ महाग म्हणून काढून टाकू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर त्याचा लाभ साखरेपलीकडचा आहे. उलटी-जुलाब होत असतील, त्या दिवसांत ते थांबवायचे का, हेही विचारून ठेवावे.

पट्ट्यांवर होणारा खर्च बहुधा निम्म्याने कमी होईल. गोळ्यांवर स्थिर असलेल्या रुग्णाने रोज बोट टोचण्याची सहसा गरज नसते. ज्या मोजणीने कोणताच निर्णय बदलत नाही, ती कशासाठी करावी? २२ सप्टेंबर २०२५ पासून पट्ट्यांवरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीने घेऊ नयेत.

गोळ्या अर्ध्या करण्याविषयी अनेक जण विचारतात. मधोमध रेघ असलेली साधी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्धी करता येते. मेटफॉर्मिनची एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी मात्र कधीही मोडू नये.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. काल वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि बिल त्यांच्यासमोर ठेवले. ते रागावतील अशी भीती होती. त्यांनी बिल दोनदा वाचले आणि ‘हे आधी का नाही सांगितले?’ एवढेच विचारले. क्रिएटिनिन ठीक आहे. ग्लिमेपिराइड तूर्त बंद केले आहे आणि बाकी सारे घटकांच्या नावाने लिहून दिले आहे. कराडात जनऔषधी केंद्रातून सिटाग्लिप्टिनची एकत्रित गोळी, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची घेतली, तर एम्पाग्लिफ्लोझिन मेडिकलमधून स्वस्त कंपनीचे घेतले. गोळ्यांचे मिळून ८४० रुपये झाले. पट्ट्या आता आठवड्यातून दोनदाच.

वडिलांचा विश्वास अजून बसलेला नाही. गोळीचा रंग बदलला म्हणून ते ती उलटसुलट करून पाहतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तोवर पाकिटे मोजण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे.

खलबत्ता:
उत्तम झाले. बिले जपून ठेवा आणि शक्यतो रोखीने पैसे देऊ नका. वडिलांचा आरोग्यविमा नसेल आणि आपण जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ज्येष्ठ नागरिक असलेल्या पालकांच्या औषधोपचाराची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते. रोखीत दिलेली रक्कम तिच्यात धरली जात नाही.