९ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर मोठ्यांचा पखवाज, हे बरोबर आहे का?

कुडाळची आई
मुलगा ९ वर्षांचा. एरवी आठवड्यातून दोनदा अर्धा तास वाजवतो. श्रावण लागला की वाडीतल्या भजनाची तालीम, रोज अडीच-तीन तास. परवा जेवताना त्याला भाताचा घास धरवेना. मनगट अंगठ्याच्या बाजूने सुजलेलं. बुवा म्हणाले, "दुखल्याशिवाय हात बसत नाही." पखवाज मोठ्यांचा, तालीम मोठ्यांची, हाडं मात्र कोवळी. गणपती होईपर्यंत मी त्याला बसवणार नाही.

सड्यावरचो
वायच दुखला म्हणान पखवाज सोडूक सांगतास? आमच्या बोटांका फोड इले, फुटले, तरी आमी वाजवित रवलव. चतुर्थीक एका रातीत सात-आठ घरांतली भजना करी होतव. आताची पोरा रातभर मोबाइल धरून बसतत, तेवा मनगाट दुखणा नाय?

तबलेवाला, रत्नागिरी
काका, फोड कातडीला येतो, बरा होतो, तिथे घट्टा पडतो. मनगटाची सूज वेगळी. स्नायू हाडाला जोडणारी दोरी तिथे सुजते, आणि वाजवत राहिलं तर दुखणं मुरतं. बोटांना मुंग्या आल्या तर थेट डॉक्टर.
पण ताई, गणपतीपर्यंत कुलूप कशाला? सूज उतरली, दुखायचं थांबलं की १०-१५ मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं वाढवा. अर्ध्या तासावरून एकदम तीन तास, घात तिथे झालाय. परीक्षेच्या तोंडावर मीही शिष्यांना असंच ताणलंय, सांगायला लाज वाटते.
आणि एकदा त्याचा शर्ट काढून वाजवायला बसवा. पखवाज लांब असेल तर दोन्ही पुड्यांवर हात पोचवायला खांदे कानांपाशी गेलेले दिसतील. लहान मापाचा बनवून मिळतो.

पेटीवाली, देवगड
पेटीचंही तेच. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, कंबर पिळलेली. माझ्या भाचीच्या बुडाखाली जाड उशी सरकवली, खांदा आपोआप खाली आला. खर्च शून्य.
शिमग्यात पोरांच्या गळ्यात ढोल अडकवतात त्याचं काय? दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, असं केंद्राचं २०२० चं शाळेच्या दप्तराचं धोरण सांगतं. ढोल कोण तोलतोय!

सड्यावरचो
उशी घाला, काय व्हया ता करा. पण ल्हान पखवाजाचो आवाज डबलबारीत, दोन भजनी बुवांच्या सामन्यात, कोणाक ऐकाक येतलो?

कुडाळची आई
डबलबारीला अजून दहा वर्षं आहेत, काका. आधी घास धरू दे.