एआय एजंटकडून मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करायची आहे, फाइल उघडत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

अँड्रॉइड ॲपच्या चाचण्या मी हल्ली एआय एजंटकडून करून घेतो. ॲप उघडणं, टॅप करणं, मजकूर टाकणं, स्क्रीनशॉट घेणं ही टूल्स त्याला एमसीपी सर्व्हरमधून (एजंटला बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोग्रॅम) मिळतात आणि तेवढं व्यवस्थित चालतं. आता चाचणी सुरू असताना स्क्रीनचा व्हिडिओही हवा आहे. एखादी यादी क्षणभर चमकून गायब झाली, तर ती दोन स्क्रीनशॉटांच्या मधे निसटते आणि एजंट बिनधास्त 'चाचणी यशस्वी' लिहून मोकळा होतो.

म्हणून सर्व्हरमध्ये रेकॉर्डिंगचं टूल जोडलंय. पायथनमध्ये आहे. एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) फोनमधला स्क्रीनरेकॉर्ड हा प्रोग्रॅम सुरू करतो, सांगितलेले सेकंद थांबतो, पीकिल या कमांडने तो बंद करतो, फाइल संगणकावर ओढतो आणि बेस६४ (म्हणजे अक्षरांत रूपांतर) करून एजंटला देतो. अडचणी अशा:

१. फाइल उघडतच नाही. व्हिडिओ हाताळणारं एफएफएमपेग म्हणतं 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. आकार मात्र चांगला काही एमबी असतो. टर्मिनलमधून हाताने रेकॉर्ड करून कंट्रोल-सी दाबलं की तीच फाइल झकास चालते.

२. एक मिनिटाच्या वर रेकॉर्डिंग मागितलं की टाइमआउट. मग एजंट स्वतःच्या मनाने पुन्हा टूल चालवतो आणि फोनवर दोन-दोन रेकॉर्डिंगं सुरू राहतात.

३. रेकॉर्डिंग चालू असताना एजंट काहीच करत नाही. व्हिडिओ उघडला असता तरी त्यात शांत बसलेली होम स्क्रीनच दिसली असती!

४. हाताने केलेल्या रेकॉर्डिंगमध्येही लॉगिनची स्क्रीन पूर्ण काळी येते.

फोन रूट केलेला नाही, करायचाही नाही. आयफोनचं नंतर बघू.

प्रतिसाद १

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. कंट्रोल-सी म्हणजे सिगइंट, प्रोग्रॅमला थांबायला सांगणारा एक सिग्नल. सिग्नल सांगितला नाही तर पीकिल सिगटर्म हा वेगळा सिग्नल पाठवतं. स्क्रीनरेकॉर्ड सिगइंट आणि सिगहप हे दोनच पकडून शिस्तीत आवरतो. सिगटर्म आला की जागच्या जागी मरतो. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका म्हणजे तो मूव्ह ॲटम, आणि इथे तो शेवटी लिहिला जातो. त्याआधीच प्रोग्रॅम मेला, तर चित्रांचा डेटा सगळा असूनही प्लेअरला त्यातलं काही सापडत नाही.

तेव्हा पीकिलला उणे २ (२ हा सिगइंटचा क्रमांक) द्या. आणि लगेच फाइल ओढू नका. प्रोसेस चालू आहे का ते पिडऑफ कमांडने विचारत राहा, ती खरंच संपली की मगच पुल करा (फाइल ओढा). घाई केलीत तर पुन्हा तीच अर्धवट फाइल हातात येईल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण मला मूळ दुखणं टूलच्या रचनेत दिसतं. 'अमुक सेकंद रेकॉर्ड कर' असं एकच टूल ठेवलं की ते उत्तर देईपर्यंत एजंट ताटकळतो. तो तिसऱ्या अडचणीत आळशीपणा करत नाहीये, तुम्हीच त्याला थांबवून ठेवलंय. दोन टूल्स करा: एक सुरू करणारं, एक थांबवणारं. पहिल्याने प्रोसेस बॅकग्राउंडला सोडायची आणि ताबडतोब एक आयडी परत द्यायचा. मधल्या वेळात एजंट टॅप करेल, स्क्रोल करेल, आणि शेवटी तो आयडी देऊन थांबवेल. आधीचं रेकॉर्डिंग चालू असेल तर पहिल्या टूलने सरळ नकार द्यायचा, म्हणजे दोन-दोनचा घोळ मिटला.

टाइमआउटही यातच सुटेल. एमसीपीच्या टाइपस्क्रिप्ट एसडीकेमध्ये (तयार कोडचा संच) विनंतीची मुदत मुळातच ६० सेकंद आहे. तुमचा क्लायंट (एजंटच्या बाजूचा, सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम) त्यावर असेल तर मिनिटाचा हिशोब बरोबर जुळतो.

आणि ते बेस६४ आधी काढा! काही एमबीचा व्हिडिओ अक्षरांत बदलून मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते एका वेळी वाचतं त्या मजकुरात) ओतण्यात काय हशील? फाइलचा पाथ आणि कालावधी द्या, पुरे. एजंटनेच तपासायला हवं असेल तर रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून कितव्या सेकंदाला कुठला टॅप झाला याची नोंद सर्व्हरमध्ये ठेवा आणि एफएफएमपेगने त्या टॅपच्या आसपासच्या चार-पाच फ्रेम काढून दाखवा. चमकून जाणारी यादी अशीच सापडेल.

प्रतिसाद ३

काळ्या स्क्रीनबद्दल: त्या स्क्रीनवर फ्लॅग-सिक्युअर (स्क्रीन टिपू न देणारी अँड्रॉइडची खूण) लावलेला असणार. असा फ्लॅग असला की स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग सगळीकडे काळंच येतं, आणि ते मुद्दाम तसं आहे. ॲप तुमचंच असेल तर डिबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या आवृत्तीत) फ्लॅग काढा. दुसऱ्याचं असेल तर नाद सोडा.

दुसरं, स्क्रीन बदलते तेव्हाच नवी फ्रेम लिहिली जाते. त्यामुळे फ्रेमरेट स्थिर नसतो आणि शेवटी स्क्रीन हलली नाही तर व्हिडिओ अपेक्षेपेक्षा आखूड निघतो. तो बग समजून शोधत बसू नका. आवाज हवा असेल तर स्क्रीनरेकॉर्डच्या नादी लागू नका, तो आवाज घेतच नाही. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर एससीआरसीपीवाय (फोनची स्क्रीन संगणकावर दाखवणारा, रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम) वापरा, आणि त्यात एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडा. मधेच बंद पडलं तरी एमकेव्ही सहसा चालते.

धागाकर्ता

उणे २ ने फाइल उघडली! टूल दोन भागांत केलं, पाथच परत देतो, एजंट आता रेकॉर्डिंग चालू असताना कामही करतो. फ्लॅगचंही खरं निघालं, ॲप आमचंच आहे, डिबग बिल्डमधून काढतोय.

एक राहिलंच. चाचणी मधेच फसली की एजंट अहवाल लिहायला लागतो आणि थांबवायचं टूल वापरायला विसरतो. प्रॉम्प्टमध्ये बजावून सांगितलं तरी कधीकधी विसरतोच.

प्रतिसाद २ वाले पुन्हा

प्रॉम्प्टवर विसंबू नका, सर्व्हरमध्येच सोय करा. स्क्रीनरेकॉर्डची मुदत काही न सांगता १८० सेकंद असते आणि ती संपली की तो स्वतःच फाइल नीट बंद करतो, म्हणजे विसरला तरी फाइल वाया जात नाही. टाइम-लिमिट या पर्यायाने ती अजून कमी करता येते. शिवाय क्लायंटशी जोडणी तुटली की चालू रेकॉर्डिंगला सिगइंट पाठवायचा, एवढं सर्व्हर बंद होतानाच्या कोडमध्ये घाला. चाचणी तीन मिनिटांहून लांब असेल तर एक तुकडा संपला की दुसरा नव्या नावाने सुरू करा आणि नंतर जोडा. मधे क्षणभराची फट पडते, ती चालत नसेल तर एससीआरसीपीवाय.