मदत हवी आहे: गाडीला हाताने वॅक्स-पॉलिश करताना अंगठा दुखतो, कुठला पॅड घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गाडी काळी आहे. म्हणजे पुढचं अर्धं तुम्हाला न सांगताच कळलं असेल. सावलीत आरसा, उन्हात बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. वर्षातून तीन-चारदा मी स्वतः वॅक्स करते आणि एकदा पॉलिश. मशीन घ्यायचं नाहीये, त्यामुळे कृपया तो सल्ला नको. हाताने करण्यातच मजा येते.

म्हणजे, यायची. आता दोन दरवाजे होतात न होतात तोच उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू होते. छतापर्यंत पोचेतो वॅक्सच्या डबीचं झाकण उघडवत नाही. रात्री कुलपात किल्ली फिरवताना परत आठवण.

आतापर्यंत हे वापरून झालं:

वॅक्सबरोबर आलेला गोल पिवळा फोम. साधारण 10 सेंमी रुंद, जेमतेम बोटभर जाड. कडेने चिमटीत धरावा लागतो. जरा जोर दिला की बोटं आत रुततात, आणि वॅक्स वाळलं की त्यात चार बोटांच्या चार रेघा स्पष्ट उमटलेल्या दिसतात. कड दुमडली की नख थेट रंगावर.

टेरीच्या (टॉवेलसारख्या) कापडात शिवलेला स्पंज. धरायला बरा, पण वॅक्स असा पितो की अर्धी डबी त्याच्याच पोटात.

मागे खिसा असलेला मायक्रोफायबरचा. हात आत सरकवायचा, चिमूट नाही, म्हणून आशेने आणला. खिसा माझ्या हाताला सैल. हात एकीकडे, पॅड दुसरीकडे.

प्लास्टिकच्या मुठीचा. धरायला सगळ्यांत आरामशीर! मग साइड मिररच्या बुडाशी मुठीची कड टेकली आणि नखाएवढा ओरखडा आला. तो अजून तिथेच आहे, रोज दिसतो.

तर विचारायचं असं की, हाताला न दुखवणारा असा काही पॅड असतो का? गोल घ्यावा की चौकोनी, फोम की मायक्रोफायबर? आणि वॅक्स आणि पॉलिश दोन्हीला एकच चालेल का?

प्रतिसाद:
आधी एक सांगा. हात वॅक्स लावताना दुखतो की वाळलेलं वॅक्स पुसून काढताना?

धागाकर्ती:
हा विचारच केला नव्हता. लावताना सुरुवात होते, पण जीव जातो तो पुसताना. वॅक्स असं धरून बसतं की फडकं दोन्ही हातांनी दाबून रगडावं लागतं.

प्रतिसाद:
मग ताई, निम्मा दोष पॅडचा नाही. तुम्ही वॅक्स फार जाड लावताय. जाड थर वरून वाळलेला दिसतो, खालून ओलसर राहतो, आणि पुसताना चिकटतो. ज्यादा वॅक्स रंगावर टिकत नाही, फडक्यातच जातं. इतकं पातळ लावा की लावलंय की नाही हे वाकून तिरकं बघावं लागेल. डबीत पॅड एकदाच हलका फिरवायचा आणि तेवढ्यात अर्धं बॉनेट उरकायचं. पुसण्याआधी एका कोपऱ्यात बोट ओढून पाहा. मागे स्वच्छ चकचकीत रेघ राहिली तर पुसा, फरफटलं तर थांबा. पत्रा हाताला गार लागत असेल तेव्हाच हे सगळं, तापलेल्या पत्र्यावर अजिबात नाही.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. फक्त वॅक्स आणि पॉलिश यांची गल्लत नको, कारण पॅडचं सगळं उत्तर तिथेच आहे. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते काम करतात दाबाने आणि घर्षणाने. वॅक्स नुसतं पसरायचं असतं, त्याला जोर लावून काहीही जास्तीचं मिळत नाही. तुम्ही बहुधा दोन्ही एकाच जोराने करताय.

म्हणून वॅक्सला मऊ फोमच घ्या, पण निदान अडीच-तीन सेंमी जाड. जाड फोमला चिमूट लागत नाही, वर तळहात ठेवून नुसता सरकवता येतो. बारीक, बंद छिद्रांचा असेल तर तो वॅक्सही कमी पितो.

पॉलिशला मात्र थोडा घट्ट फोम, किंवा आत फोम असलेला मायक्रोफायबर, आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा. पट्टा बोटांच्या मुळांवरून जायला हवा. पॅड पट्ट्यावर तोलला जातो, अंगठा मोकळा राहतो, दाब तळहाताचा पडतो. तुमच्या चार रेघांचं कारण हेच आहे, दाब चार बोटांच्या टोकांवर येत होता. घेताना पट्ट्यात हात घालून पॅड खाली लोंबकळू द्या. घसरला तर घेऊ नका, तुमच्या खिशावाल्या पॅडचीच गत होईल.

एक सावधगिरी. रंगाच्या वरचा पारदर्शक थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, वहीच्या कागदाहूनही पातळ. हाताने तो सहजी जात नाही, पण दाराच्या धारेवर आणि उठावाच्या रेषेवर जोर काढून घ्यायचा.

प्रतिसाद:
मुठीवाला फेकू नका. मुठीभोवती जुनं मायक्रोफायबर गुंडाळा आणि फक्त छत व बॉनेटला वापरा. मिरर, दाराचे हँडल, नंबर प्लेटच्या आसपास दोन बोटांवर बसणारा छोटा पॅड.

प्रतिसाद:
माझाही अंगठा दुखरा आहे, म्हणून पॅडपलीकडचं सांगतो. पातळ नायट्राइलचे हातमोजे घाला. वॅक्सने बोटं बुळबुळीत झाली की आपण नकळत पॅड जास्त आवळतो, दुखणं तिथून सुरू होतं. प्रत्येक दरवाजाला हात बदला. डाव्याने वॅक्स लावायला काहीही कसब लागत नाही. आणि सगळी गाडी एका दिवसात संपवायला कोणी सांगितलंय? आज बॉनेट-छत, उद्या बाजू.

पॅड वापरून झाला की लगेच कोमट पाण्यात, साबणाचे दोन थेंब घालून दाबून धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा. वॅक्स सुकून कडक झालेला पॅड धरायलाही त्रास आणि रंगालाही. जमिनीवर पडलेला पॅड परत गाडीला लावायचा नाही, कितीही झटकला तरी.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
मंडळी, उशिरा लिहितेय. जाड फोम आणला आणि पट्ट्याचा मायक्रोफायबरही. पट्ट्याचे दोन निघाले, रुंद आणि अरुंद. रुंद पट्टा बोटांच्या सांध्यांवर येत होता, अरुंद बरोबर मुळांवर बसला, तोच ठेवला.

पहिल्या दिवशी सवयीने परत जाड थर लावला, परत रगडलं, परत तुमची बोलणी आठवली. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला इतकं पातळ लावलं की कुठपर्यंत आले तेच कळेना, म्हणून दाराच्या रेषेवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून खूण केली. पुसायला एक फडकं, एक हात आणि ना रगडणं ना काही. मला तर वाटलं वॅक्स लागलंच नाही. पाणी ओतून बघितलं तर मोत्यांसारखे थेंब टपाटप ओघळले.

अंगठा अजून बोलतो, पण संध्याकाळी झाकण उघडता आलं. पॉलिशच्या दिवशी मात्र बॉनेटच्या मध्यापर्यंत हात पोचत नाही, आणि वाकून दाब दिला की पाठ धरते. स्टुलावर उभं राहून करणारे कोणी आहात का? कमरेच्या पट्ट्याची बक्कल वगैरे रंगाला लागू नये म्हणून पोटाशी काय बांधता?