यंत्रात जीव नसतो म्हणता, मग नागिणीची बीन कशावर वाजली?

तापीकाठचा

परवा एका सरांची पोस्ट वाचली. त्यांचं म्हणणं असं, की विज्ञान मालिकांतले रोबो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ही एकाच कारखान्यातली पैदास आहे. दोन्हीकडे आवाज आहे, जीव नाही, आणि बटण दाबणाऱ्याला कलावंत म्हणू नये. मत म्हणून ठीक आहे. पण पुरावा म्हणून त्यांनी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञान मालिकेची सुरुवातीची धून दिली, 'मशीनने आपोआप काढलेली' असं म्हणत. ते वाचून गप्प बसवलं नाही.

ती धून 1963 ची. रॉन ग्रेनरने सुरावट कागदावर लिहून दिली आणि बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे नवे आवाज घडवणाऱ्या विभागातल्या, डेलिया डर्बीशायरने ती आवाजात उतरवली. तिच्यापुढे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं तयार वाद्य, नव्हताच. एक ताणलेली तार छेडायची, तो ठणका टेपवर घ्यायचा, टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून वरखालचे सूर काढायचे. वर जी हुंकारणारी सुरावट ऐकू येते ती ऑसिलेटरची, म्हणजे विजेचा एकसलग सूर काढणाऱ्या यंत्राची, चकती हाताने फिरवून मिळवलेली. मग एकेक सूर ब्लेडने कापायचा, जेवढा वेळ सूर हवा तेवढीच टेप ठेवायची आणि पुढच्या तुकड्याला चिकटवायची. एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे घेण्याची सोय, मल्टिट्रॅक, नव्हती, म्हणून वेगवेगळ्या टेपा वेगवेगळ्या मशीनवर चढवून सगळ्या एकदम सुरू करायच्या. कुठेतरी एक सूर चुकतोय आणि सापडत नाही, तेव्हा त्यांनी टेपा लांब कॉरिडॉरमध्ये उलगडून सांध्याला सांधा लावून पाहिला. यात आपोआप काय झालं ते सरांनी दाखवावं.

त्याच मालिकेतल्या टार्डिस या कालयानाची घरघर म्हणजे जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर ब्रायन हॉजसनने घासलेली आईच्या घराची किल्ली. डालेक या तिथल्या यंत्रासारख्या शत्रूंचा आवाज नटाच्या गळ्यातला, रिंग मॉड्युलेटर या आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून काढलेला. मालिकेतल्या यंत्रांना घसा माणसांनीच दिला.

कळण्याची_भाकर

तापीकाठचे भाऊ, लंडनच्या बाईने टेप कापली, चांगलं केलं. आमच्या पाचोरा तालुक्यात काय कापलं गेलं तेही ऐका. माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वैशाखात घरी दिसायचे नाहीत. वाजवण्याआधी रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली करायचे. टोकाला चीर गेली की तंबाखूच्या डबीतून दुसरी काढायचे, पण नवी रीड वरातीच्या पहिल्या गाण्याला कधीच लावायचे नाहीत, कारण मुरेपर्यंत ती किंचाळते. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आता डीजेची गाडी येते आणि तिच्यावर एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसतो. अख्ख्या बँडचं पोट गेलं. यंत्रात जीव आहे की नाही यावर तुम्ही खुशाल भांडा. त्याने ज्यांची पोटं मारली त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

भुसावळ_यार्ड

नाना, तुमचं खरं आहे, पण विषय मालिकांचा चाललाय. मला सरांचं थोडं पटतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची, आम्ही रेल्वे क्वार्टरवर चढून अँटेना फिरवायचो. त्या शीर्षकसंगीतात तो लांबलचक 'आऽऽ' येतो ना, मशीनचा, तो ऐकून अंगावर काटा यायचा. पण त्यात माया नव्हती. मशीनमधून मायेचा सूर निघतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

खापरावरचे_मांडे

भाऊ, तो 'आऽऽ' मशीनचा नाही. लूली जीन नॉर्मन नावाच्या गायिकेचा गळा आहे तो. पुष्कळांना तो थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजणारं विजेवरचं वाद्य, वाटतो. तुम्हाला बाईच्या गळ्यात माया सापडली नाही आणि दोष मशीनला लावून मोकळे झालात. आधी मशीन आहे असं मनात धरून ऐकलं की असंच होणार.

भुसावळ_यार्ड

असेल बाईचा. पण मग तो मशीनसारखा का गाऊन घेतला? माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

केळीच्या_बागेतून

मी रावेर तालुक्यातला डीजेवाला आहे. नाना, बँडला डीजेने मारलं म्हणता, पण बँडवाल्यांनीच आधी हातगाडीवर कीबोर्ड, ऑक्टापॅड (तालाचं विजेवरचं वाद्य), अँप्लिफायर अन् मागे जनरेटर आणला. तेव्हा युफोनियमवाल्याला, म्हणजे पितळी तुतारीवाल्याला, घरी कुणी बसवलं? आम्ही तर नंतर आलो. गाडीचे हप्ते मी भरतो, वायरिंग मी करतो, पाऊस आला तर भिजून सामान मी झाकतो. नवरदेवाच्या मामाला कोणतं गाणं लागलं की तो नाचायला उतरतो, हेही बघावं लागतं. नुसतं बटण दाबून वरात हलत नाही.

कळण्याची_भाकर

वरात हलते कारण छाती हादरते. रात्री झोपलेलं लेकरू दचकून उठतं. 2000 सालच्या नियमात रात्री दहानंतर बंदी आहे, वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या गाडीपुढे उभं राहून ते मोजून दाखवा. आणि ती अहिराणी गाणी, सगळ्या पोरांचा एकच आवाज! धुळ्याचा कोण अन् शहाद्याचा कोण, काही कळत नाही. आपल्या बोलीचा हेल त्या ऑटोट्यूनने, गळ्याचा सूर आपोआप सरळ करणाऱ्या त्या सॉफ्टवेअरने, इस्त्री करून टाकला. तुमचं काहीच पटनं नही भो.

केळीच्या_बागेतून

ऑटोट्यून रोबोने काढलं नाही. अँडी हिल्डेब्रँड नावाचा माणूस जमिनीखालचं तेल शोधायला लहरींचं गणित करायचा, तसलंच गणित त्याने 1997 साली गळ्याला लावलं. आमच्या पोरांना गाणं शिकायला कोण गुरुजी मिळाले होते? गळा कच्चा आहे, सांगायचं पुष्कळ आहे, ते त्यांनी बोलीत सांगितलं. तुमच्या बँडने अहिराणीत किती गाणी वाजवली? सगळा वेळ हिंदी सिनेमा.

कळण्याची_भाकर

माझ्या वडिलांवर येऊ नकोस. लहान आहेस, म्हणून एवढंच सांगतो.

तापीकाठचा

दोघंही जरा थांबा. नाना, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवूनच विचारतो. वरातीत नागीण डान्सची फर्माईश आली की क्लॅरिनेटवर कोणती धून निघायची? 1954 च्या 'नागिन'मधली बीन. ती बीन कुठल्या गारुड्याने वाजवलेली नाही. संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती वाजवली कल्याणजींनी, क्लॅव्हियोलिनवर, सोबत रवींची पेटी. क्लॅव्हियोलिन म्हणजे फ्रान्समध्ये 1947 च्या सुमारास निघालेला विजेवरचा कीबोर्ड. व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर, बस. तुमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात जी धून लोकांना जमिनीवर लोळवत वाजवली, ती मूळची यंत्राचीच. खान्देशात अशी वरात दाखवा जिथे तिने कुणी हललं नाही. यात जीव नाही असं कोण म्हणेल?

पेटीचं तरी काय? आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून. ती बंदी पुढे तीस वर्षं टिकली. आज पेटीशिवाय कीर्तन उभं राहत नाही.

भुसावळ_यार्ड

म्हणजे आता नागीण डान्सवर गाडी आली. मालिका राहिल्या बाजूला.

तापीकाठचा

मालिकांकडेच येतो. 1978 च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी मालिकेतले सायलॉन हे शत्रू रोबो ज्या व्होकोडरमधून, म्हणजे बोलणं यंत्राच्या सुरात बदलणाऱ्या यंत्रातून, बोलतात, तो बेल लॅबमध्ये होमर डडलीने टेलिफोनसाठी काढला, दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणाला वापरला. क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडने त्याच जातीच्या यंत्रातून गाणी म्हटली. यंत्र तेच. मालिकेत ते शत्रूच्या तोंडी दिलं म्हणून आपल्याला भीती वाटली. भीती लिहिणाऱ्याने घातलेली आहे, वायरीत ती नव्हती.

आणि नानांसाठी खास. रोलंड या जपानी कंपनीचं टीबी-303 हे विजेवरचं वाद्य बेस गिटारवाल्याची जागा भरायला काढलेलं, म्हणजे तुमची तक्रार तंतोतंत. त्या कामात ते सपशेल पडलं. पण मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या वाद्यवृंदातले गिटारवाले, त्यांनी 1982 मध्ये हेच 303, सोबत रोलंडचंच 808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन दहा राग वाजवले. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती त्यांनी रागाला लावली. याच 303 च्या आवाजावर उभं राहिलेलं नाचाचं संगीत म्हणजे अ‍ॅसिड हाऊस, आणि शिकागोच्या पोरांची त्याची पहिली तबकडी 1987 ची. चरणजितांची रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही, 2010 ला परत निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

खापरावरचे_मांडे

यंत्रात जीव आहे हे मला मान्यच आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि इतका वेळ पुरुषमंडळी त्याला बगल देत आहात. डेलियाने गणित आणि संगीत शिकून 1959 मध्ये डेका या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला, तेव्हा स्टुडिओत बायका घेत नाही असं उत्तर मिळालं. ती धून ऐकून ग्रेनर स्वतः तिला अर्धं श्रेय द्यायला तयार होता. बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर तिचं नाव आलं 2013 मध्ये. ती 2001 लाच गेली होती.

आता इथलं सांगते. माझी मावशी चोपड्याकडची, कानबाई या आमच्या खान्देशातल्या देवीची गाणी म्हणायची. श्रावणात रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, करताना बायकांचा घोळका तिच्याभोवती बसायचा. ती ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. मध्येच पिठाच्या हाताने पदर सावरायची, तरी सूर सुटायचा नाही. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मागे बीट घातला, आणि दोन वर्षांत ते गाणं विसर्जनाच्या प्रत्येक गाडीवर. नाव मिक्स करणाऱ्याचं. मावशीने ते एका मिरवणुकीत ऐकलं. तिला आवडलं, बरं का. ती नाचलीसुद्धा. पण नाव कुठाय?

केळीबागेतले दादा, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये असली किती गाणी आहेत?

केळीच्या_बागेतून

ताई, आहेत. कुणाची ते माहीत नाही. आम्हाला फाइल मिळते तीच डीजेच्या नावाने. मावशींचं नाव अन् गाणं सांगा, मी फाइलला नाव घालतो आणि माइकवरून पुकारतो. बाकीच्यांचं मी वचन देत नाही.

भुसावळ_यार्ड

हे काम सरकारने करायला हवं. विद्यापीठाने तरी.

खापरावरचे_मांडे

विद्यापीठाची वाट बघत बसलं तर म्हाताऱ्या उरायच्या नाहीत. ज्याच्या त्याने आपल्या गावच्या बायकांची नावं लिहायला घ्या, यंदाच्या कानबाईआधी.

कळण्याची_भाकर

चरणजित सिंगांचा मालकंस रात्री ऐकला. खालच्या सप्तकात तो घसरतो तिथे मींड लागते, हे कबूल करावं लागतंय. ढोलाच्या जागी ते टकटक चालतं ते मला सोसलं नाही, निम्म्यात बंद केलं. बीनचं वडिलांच्या जोडीदाराला विचारलं, ते अजून आहेत. ते म्हणाले, विजेच्या पेटीवरची धून आहे हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, म्हणूनच ती क्लॅरिनेटवर बसवायला इतके कष्ट पडले. केळीबागेतल्या पोरा, तू हाताने काम करतोस हे मानलं. दहानंतर मात्र गाडी बंद, त्यात तडजोड नाही.